स्वातंत्र्य आणि विचारपूस : प्रस्तावना

स्वातंत्र्य या शब्दाबरोबर बहुतेकांच्या मनात जे चित्र उभे राहते ते मोकळ्या, निर्मनुष्य जागेचे असते. तिथे अडवणारे कोणी नसते, टोकणारे कोणी नसते, आणि म्हणून तिथे हवे ते करता येते असे मानले जाते. या चित्रात दुसरा माणूस शिरतो तो अडचण म्हणूनच, आणि मग शाळेतल्या नागरिकशास्त्रापासून न्यायालयातल्या युक्तिवादापर्यंत एकच तोडगा सांगितला जातो, की एकाचे स्वातंत्र्य जिथे संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते. व्यवहारात हे वाक्य उपयोगी पडते यात शंका नाही. पण त्यामागची कल्पना शेजारी-शेजारी असलेल्या दोन शेतांची आहे, मधे बांध आहे, आणि एकाने दोन तास जास्त घातले की दुसऱ्याची जमीन तेवढी कमी होणार आहे. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भाऊबंदकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या उपमेतली आणखी एक गोष्ट सहज दिसेल. बांध निसर्गाने घातलेला नसतो. तो शेजाऱ्याने मान्य करावा लागतो, आणि त्याने मान्य केला नाही तर सरकारी मोजणी आणून, लगतच्या खातेदारांना नोटिसा देऊन, सगळ्यांना हजर ठेवून तो ठरवावा लागतो. ज्या रेषेच्या आत आपण एकटे आणि मोकळे आहोत असे माणसाला वाटते, ती रेषाच इतरांच्या साक्षीने उभी असते. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही साक्ष आहे.

शब्दाच्या घडणीतही याच्या खुणा सापडतात. ‘तंत्र’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे या धातूपासून आला असून मागावर ताणलेले उभे धागे असा त्याचा एक जुना अर्थ आहे. तेव्हा स्वतंत्र म्हणजे ज्याचा माग स्वतःचा आहे तो, आणि परतंत्र म्हणजे जो दुसऱ्याच्या मागावर विणतो तो, असे म्हणता येईल. पाणिनीने अष्टाध्यायीत कर्ता कोणाला म्हणावे हे सांगताना हाच शब्द वापरला आहे: क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. हे वाचून कर्ता म्हणजे कोणाशी काही देणेघेणे नसलेला, असा समज होण्याची शक्यता असते; परंतु व्याकरणपरंपरेने येथे स्वतंत्र या शब्दाचा अर्थ प्रधान असा लावला आहे, आणि प्रधान व्हायचे तर बाकीची कारके, म्हणजे क्रियेशी निरनिराळ्या नात्यांनी जोडलेली कर्म, करण, संप्रदान आदी पदे, भोवती असावी लागतात. आई चुलीवर पातेल्यात भात शिजवते तेव्हा तांदूळ, सरपण, पातेले आणि जेवणारी मुले या सगळ्यांच्या संबंधात ती स्वतंत्र असते, त्यांना वगळून नव्हे. एवढेच नव्हे, तर ‘पातेले चांगले शिजवते’ असेही बोलले जाते, आणि अशा वेळी पातेल्याला कर्तेपण कसे मिळते याची चर्चा करताना वैयाकरणांनी वक्त्याच्या विवक्षेचा, म्हणजे त्याला काय म्हणायचे आहे याचा, आधार घेतला आहे. कोणाला कर्ता म्हणून बोलायचे आणि कोणाला कर्म म्हणून, हे बोलणाऱ्यांमध्ये ठरते. व्याकरणातली ही बाब राज्यशास्त्रात थेट नेता येणार नाही, तसा आग्रहही नाही. पण सत्तेने एखाद्या नागरिकाला वाक्यातल्या कर्त्याच्या जागेवरून उचलून कर्माच्या जागी बसवणे म्हणजे काय, हे समजायला ती बरी पडते. ‘तो गेला’ आणि ‘त्याला नेले’ यांतले अंतर मराठी बोलणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आधुनिक चर्चेत आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानातील भेद पायाभूत मानला जातो. हस्तक्षेपाचा अभाव म्हणजे अकरणात्मक स्वातंत्र्य, आणि स्वतःच्या जीवनाचे स्वामित्व, म्हणजे आपल्यावर आपलेच राज्य असणे, हे करणात्मक स्वातंत्र्य. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली मांडलेला निकष, की इतरांना इजा होत असेल तरच व्यक्तीवर सक्ती करावी, हा पहिल्या प्रकारात मोडतो, आणि आगरकरांच्या पिढीने मिल वाचला तो मुख्यतः रूढींच्या सक्तीविरुद्ध. दुसऱ्या प्रकाराविषयी बर्लिन यांना जी भीती वाटत होती ती अशी, की माणसाचे ‘खरे’ हित त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते असे म्हणणारा कोणी तरी निघतो आणि त्याच्याच भल्यासाठी त्याला कोंडतो. ही भीती पुस्तकी नव्हती हे भारतात १९७५ मध्ये दिसले. मात्र या दोन्ही कल्पनांत एक उणीव राहते: पहिलीत दुसरा माणूस केवळ संभाव्य अडथळा असतो, दुसरीत तो स्वयंघोषित पालक होऊ शकतो, आणि ज्याला प्रश्न विचारता येतो व ज्याला उत्तर द्यावे लागते असा दुसरा दोहोंतही नीट दिसत नाही. त्याला पाहायचे तर बंगळुरूच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगाकडे वळणे सोयीचे आहे.

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी वाचकाला अनोळखी नसलेल्या या शहरात जून १९७५ च्या अखेरीस पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदीय समितीच्या बैठकीसाठी काही खासदार आले होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि २६ जूनला सकाळी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते यांना तिथेच अटक झाली. दंडवते अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूर मतदारसंघातून १९७१ साली निवडून आलेले समाजवादी. पुढे सुमारे दीड वर्ष ते बंदिवासात राहिले, आणि त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते त्याच काळात पुण्याच्या येरवडा कारागृहात होत्या. दोघांची पत्रे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात जात, म्हणजे प्रत्येक पत्र पोचण्याआधी तिऱ्हाइताच्या डोळ्यांखालून जात असे. पत्र लिहिणाऱ्याला हे ठाऊक असते, वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि मधला वाचक स्वतः काहीच लिहीत नाही. त्याला उत्तर मागता येत नाही. तुरुंगाचे सार या तिसऱ्या वाचकात आहे असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. भिंत फक्त चालणे थांबवते. जो सगळे वाचतो पण कशालाच उत्तर देत नाही, तो बोलण्यातला कर्तेपणाच काढून घेतो.

तुरुंगाची रचनाही याला साजेशी होती. मध्यभागी टेहळणीचा मनोरा आणि त्याच्याभोवती बराकी, अशी ती मांडणी जेरेमी बेंथम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कल्पिलेल्या आदर्श तुरुंगाची आठवण करून देते. एकाला सगळे दिसावेत आणि त्यांना तो दिसू नये, हे त्या कल्पनेचे मर्म. या एकतर्फी पाहण्यातून सत्ता कशी घडते याची मिशेल फुको यांनी केलेली प्रसिद्ध चिकित्सा योगायोगाने १९७५ मध्येच फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली होती. परंतु बंगळुरूच्या तुरुंगात मनोऱ्याला न जुमानणारी एक गोष्ट होती, आणि ती म्हणजे आवाज. मे १९७६ मध्ये ‘संस्कार’ या १९७० सालच्या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना अटक होऊन तिथे ठेवण्यात आले. त्यांना तीव्र दम्याचा विकार होता. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या आपल्याला ऐकू येत, असे दंडवते यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १५ जानेवारी १९७७ रोजी स्नेहलता रेड्डी यांना पॅरोलवर सोडले आणि पाच दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. तुरुंगातील त्यांची रोजनिशी नंतर प्रसिद्ध झाली.

ऐकू येणे आणि काही करता न येणे या दोहोंमध्ये सापडलेल्या माणसाचे स्वातंत्र्य नेमके कशाने हिरावले गेले, हा प्रश्न येथे कळीचा आहे. दंडवते यांच्या हालचालींवर बंधन होते हे खरे, पण त्या रात्रींचे दुःख हालचालींच्या बंधनाचे नव्हते. हाक कानावर येत असूनही तिला ‘ओ’ देता येत नव्हती, आणि ती का उठते आहे याचा जाब ज्यांना विचारायचा ते विचारण्याच्या पल्याड जाऊन बसले होते. ज्याँ पॉल सार्त्र यांच्या १९४४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकामुळे ‘दुसरा म्हणजे नरक’ हे मत सर्वतोमुखी झाले, कारण दुसऱ्याची नजर माणसाला वस्तू करून टाकते. सिमोन द बोव्हुआर यांनी तीन वर्षांनी त्याच विचारपरंपरेत राहून उलट बाजू मांडली, की आपल्या स्वातंत्र्याला अर्थ येतो तो ते दुसऱ्या स्वतंत्र माणसांपर्यंत पोचते तेव्हा, आणि म्हणून इतरांचे स्वातंत्र्य इच्छिणे हा परोपकार नसून आपल्याच स्वातंत्र्याची अट आहे. मनोऱ्याची नजर पहिल्या मताची साक्ष देते आणि भिंतीपलीकडची किंकाळी दुसऱ्या मताची. एकाच आवारात दोन्ही होत्या.

मराठीत तुरुंगातील स्वातंत्र्यचिंतनाची जी परंपरा आहे ती जोडीची आहे, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात टिळक आणि आगरकर एकत्र होते, आणि त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून उरली. एकट्याचे चिंतन तिथे चालत नसे असे नाही, पण ते ऐकणारा मिळाल्यावरच त्याला आकार आला. याच विनोबांच्या नावे आणीबाणीत ‘अनुशासन पर्व’ हा शब्दप्रयोग भिंतींवर आणि फलकांवर झळकला. मौनात असलेल्या विनोबांचा अभिप्राय म्हणून तो पसरवला गेला. नंतर त्यांनी शासन सत्तेचे आणि अनुशासन आचार्यांचे, असा भेद केला, परंतु तोवर शब्द सरकारी कामाला लागला होता. करणात्मक स्वातंत्र्याबद्दल बर्लिन यांनी दिलेला इशारा याहून स्पष्ट उदाहरणाने सांगता येणार नाही: आत्मसंयम हा स्वराज्याचा गाभा आहे ही गोष्ट खरीच, मात्र तो संयम दुसऱ्याने हुकुमाने लादला की त्यातला ‘स्व’ गळून पडतो. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, हे या पार्श्वभूमीवर पाहावे.

बंगळुरूच्या स्थानबद्धांनी कर्नाटक उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाच्या याचिका दाखल केल्या. हेबिअस कॉर्पस या लॅटिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या याचिकेत न्यायालय कोंडणाऱ्याला सांगते, की ज्याला धरले आहे त्याला समोर आण आणि का धरले ते सांग. तिच्यात सुटकेची हमी नसते. हमी असते ती विचारपुशीची. मराठीत विचारपूस हा शब्द मायेचा आहे, आजाऱ्याची, परगावी गेलेल्या लेकीची विचारपूस करतात; कायद्याच्या कोरड्या भाषेत त्याच भावनेचे रूपांतर राज्यसंस्थेवरील बंधनात झालेले आहे. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे ‘मिसा’खाली, धरलेल्यांना कारणे सांगण्याची गरज उरली नव्हती, आणि २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ व २२ या अनुच्छेदांखालील हक्कांसाठी न्यायालयात जाणे स्थगित झाले होते. घटनेच्या २२व्या अनुच्छेदातच प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच संशयावरून डांबण्याला, वाट ठेवलेली होती, हे येथे विसरून चालणार नाही. आणीबाणीने ती वाट रुंद केली, नव्याने पाडली नाही. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी, आणि त्यांत कर्नाटकचेही होते, अशा याचिका ऐकता येतात असे म्हटले.

सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात, चार विरुद्ध एक अशा मताने त्या अमान्य केल्या. सुनावणीत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले, की पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी उपाय नाही काय. आणि आणीबाणी आहे तोवर नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. बहुमतात असलेले न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्ला बेग यांनी स्थानबद्धांची राहण्या-जेवणाची व्यवस्था शासन जवळजवळ आईच्या मायेने पाहते, असा शेरा मारला. हा शेरा क्रूर हेतूने लिहिला गेला असे मानण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच तो तात्त्विकदृष्ट्या अधिक बोलका आहे. अन्न, निवारा, औषध सगळे मिळाले असे क्षणभर गृहीत धरले तरी ‘का’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची जागा नाहीशी झालेली असते. आईदेखील मुलाला कोंडते तेव्हा ते दारावर थापा मारत ‘का’ म्हणून ओरडते आणि तिला काही तरी उत्तर द्यावेच लागते. खन्ना यांचे एकट्याचे भिन्नमत नेमके या जागेसाठी होते: जीवित आणि स्वातंत्र्य ही घटनेने दिलेली देणगी नाही, आणि कायद्याच्या आधाराविना कोणाचेही ते हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला एरवीही नव्हता. पुढील जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने २०वा व २१वा अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित होऊ नयेत अशी तजवीज केली.

तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द व्हायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला, आणि त्यालाही बंगळुरूचेच निमित्त झाले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१२ साली, आधार योजनेला आव्हान दिले होते. त्यातून निघालेल्या प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते, आणि ते मत गंभीररीत्या सदोष असल्याचे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे पुत्र. वर्तमानपत्रांनी या योगायोगावर पुष्कळ लिहिले. तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस यांनी १८९० साली खासगीपणाचे वर्णन एकटे राहू देण्याचा हक्क असे केले होते, आणि तेव्हापासून हा हक्क निर्मनुष्य जागेच्या चित्राला सर्वांत जवळचा समजला जातो. पण निर्जन बेटावरच्या माणसाला खासगीपणा नसतो. दार लोटून घेणे याला अर्थ असतो तो घरात इतर माणसे आहेत म्हणून, आणि त्यांनी लोटलेले दार उघडण्याआधी टकटक करायची असते म्हणून. खासगीपणासुद्धा इतरांनी पाळायची रीत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासभेत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची फारकत करता येत नाही असे सांगितले तेव्हा त्यांचा रोख याच रीतीकडे होता. बंधुता नसेल तर उरलेली दोन तत्त्वे अंगवळणी पडणार नाहीत आणि ती अमलात आणायला पोलीस शिपाई लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असे १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले. ज्या समाजात काही माणसांची सावलीही नको असते तिथे दुसऱ्याला एकटे सोडणे म्हणजे स्वातंत्र्य देणे, असे म्हणणे ही क्रूर थट्टा ठरते, कारण बहिष्कृताला एकटे सोडलेलेच असते. हस्तक्षेपाच्या अभावाची व्याख्या येथे पुरती कोलमडते. तिच्यावर केलेल्या अनेक तात्त्विक टीकांपेक्षा गावकुसाबाहेरची एक वस्ती तिला अधिक जड जाते.

बंगळुरूचा तो तुरुंग पुढे परप्पन अग्रहार येथे हलवला गेला आणि जुन्या आवारात २००८ साली ‘फ्रीडम पार्क’ उघडले. मनोरा आणि काही बराकी राखून ठेवल्या आहेत. रहदारीच्या कोंडीची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतल्यानंतर २०२१ साली निघालेल्या आदेशाने शहरातील निदर्शने आणि मोर्चे या एका उद्यानापुरते मर्यादित झाले. बांधाच्या उपमेने पाहिले तर व्यवस्था चोख आहे: वाहनचालकांचे स्वातंत्र्य रस्त्यावर, निदर्शकांचे उद्यानात. परंतु एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेला शांततेने एकत्र जमण्याचा हक्क हा मोकळ्या मैदानात बसून राहण्याचा हक्क नव्हे. ज्याला विचारायचे त्याच्या कानी पडेल अशा जागी जमण्याला त्यात अर्थ आहे, आणि विधानसौधासमोरून उठवून तुरुंगाच्या आवारात आणून बसवलेल्या गर्दीला कोणाच्या कानी पडायचे हा प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये राज्यभरातून आलेल्या आशा कार्यकर्त्या वाढीव मानधनासाठी तिथे मुक्काम ठोकून होत्या. उन्हे उतरली तरी त्या उठल्या नाहीत. रात्री तिथेच पथारी पसरून झोपल्या. चौथ्या दिवशी मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन दरमहा दहा हजार रुपयांचे आश्वासन मिळाले. मागणी पंधरा हजारांची होती. त्या दिवशी त्यांनी सामान आवरले आणि आपापल्या जिल्ह्यांकडे निघाल्या.